क्रिएटिनिन अचानक वाढलंय? कारण रक्ताच्या रिपोर्टांत कसं शोधायचं, पेशंटच्या घरच्यांसाठी

घरातलं माणूस तापाने नाहीतर जुलाबाने ॲडमिट केलंय, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर म्हणाले की किडनीला मार बसलाय, क्रिएटिनिन चारवर गेलंय, आणि तुमच्या हातात रिपोर्टांचा गठ्ठा आला ज्यातले निम्मे आकडे ठळक छापलेत. अशा वेळी नेमकं काय बघायचं आणि काय विचारायचं ते सांगायला हे लिहितेय. डॉक्टर लोक याला एकेआय म्हणतात, अक्यूट किडनी इंज्युरी, म्हणजे काही तासांत किंवा थोड्या दिवसांत किडनीचं काम अचानक घसरणं.

मी डॉक्टर नाही. बाबांच्या आजारपणात हे सगळं जवळून बघितलं, नंतर नात्यातल्या आणि गावातल्या लोकांच्या फाईली घेऊन नेफ्रॉलॉजिस्टांसमोर (किडनीच्या डॉक्टरांसमोर) बसले आणि विचारत विचारत शिकले. यातलं काही वाचून घरच्या घरी औषध चालू-बंद करायचं नाहीये, डॉक्टरांशी नीट बोलता यावं एवढ्यासाठीच हे आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, किडनी तो लघवीतून बाहेर टाकते, आणि तो वाढणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत वर आलेलं पाणी, तुंबलंय एवढं त्यावरून कळतं, खाली काय अडकलंय ते कळत नाही. कारण सापडतं ते शेजारच्या आकड्यांत, प्लेटलेट, बिलिरुबिन (काविळीचा आकडा), सीपीके (स्नायू तुटल्याची खूण), एलडीएच (पेशी फुटल्याची खूण), पोटॅशियम यांत, आणि हे बहुतेक आकडे पहिल्या दोन दिवसांतच फाईलला लागलेले असतात, फक्त ते एकत्र कुणी मांडलेले नसतात.

हाताशी काय ठेवायचं

- मागच्या दोन-तीन वर्षांतले सगळे रक्ताचे रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं
- चालू असलेल्या आणि गेल्या महिनाभरात घेतलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप आणि बाटल्या, काढे, भस्मं, जिमची पावडर, मेडिकलवाल्याने दिलेल्या सुट्ट्या गोळ्या, सगळं
- एक वही आणि पेन (फोनमधले फोटो ऐन वेळी सापडत नाहीत)
- आधार कार्ड, रेशन कार्ड. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेलं हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्रांना पहिल्याच दिवशी भेटा, डायलिसिसची वेळ आली की मग धावपळ नको
- पेशंटचं वजन, आजारी पडायच्या आधीचं आणि आत्ताचं

१. हे खरंच अचानक झालंय का?

पहिला प्रश्न हाच, आणि याचं उत्तर हॉस्पिटलपेक्षा तुमच्या घरातल्या कपाटात मिळायची शक्यता जास्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेली तपासणी, कंपनीचं चेकअप, गावातलं शिबिर, विम्यासाठी काढलेलं रक्त, कुठेतरी जुनं क्रिएटिनिन असतंच. केडिगो नावाची किडनीच्या उपचारांची नियमावली बनवणारी संस्था आहे, तिच्या २०१२ च्या व्याख्येप्रमाणे क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत आधीच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी किलोमागे ताशी अर्धा मिली पेक्षा कमी झाली, यातलं एक जरी असलं तरी तो एकेआय. तिप्पट झालं किंवा ४ वर गेलं की तिसरी, सगळ्यात गंभीर पायरी.

आता यातली फसवणूक बघा. बारीक चणीच्या आजींचं क्रिएटिनिन एरवी ०.५ असतं, कारण अंगात स्नायूच कमी, आणि ते १.१ झालं तर लॅबचा रिपोर्ट त्याला नॉर्मल छापतो, प्रत्यक्षात ते दुपटीपेक्षा जास्त झालेलं असतं. म्हणून नॉर्मल रेंजपेक्षा त्या माणसाचा स्वतःचा जुना आकडा महत्त्वाचा.

जुना रिपोर्ट अजिबातच नसेल तर डॉक्टर अंदाज बांधतात. हिमोग्लोबिन बऱ्याच काळापासून कमी, फॉस्फरस जास्त, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) खूप वाढलेलं आणि सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या, तर आजार जुना असायची शक्यता, त्यावर आत्ता नवीन मार बसलेला असू शकतो. डायबेटिसवाल्यांत मात्र जुना आजार असूनही किडनीचा आकार नॉर्मल दिसू शकतो, त्यामुळे एकट्या सोनोग्राफीवर विसंबू नका.

अजून दोन बारीक गोष्टी. रिपोर्टखाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज, छापलेला असतो, १८ वगैरे, तो बघून "किडनी १८ टक्केच राहिली" असं नातेवाईकांना फोन करून सांगू नका. ते गणित क्रिएटिनिन स्थिर असताना लागू पडतं, रोज चढत-उतरत असताना नाही. आणि क्रिएटिनिन मागून येतं, किडनीला मार आज बसला तर आकडा एक-दोन दिवसांनी नीट चढतो, त्यामुळे सलाईन आणि औषधं चालू असूनही दुसऱ्या दिवशी आकडा वाढलेला दिसला म्हणजे उपचार चुकले असं होत नाही.

जुना रिपोर्ट दुबई-मस्कतकडचा असेल तर त्यात क्रिएटिनिन ९०, ११० असं दिसेल, घाबरू नका, एकक वेगळं आहे, ८८.४ ने भागा की आपला आकडा मिळतो.

२. तारखेवार तक्ता

वहीच्या पानावर आडव्या रांगेत तारीख आणि वेळ, उभ्या रांगेत क्रिएटिनिन, युरिया, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), प्लेटलेट, बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रिपोर्टमधली एन्झाइम), सीपीके, चोवीस तासांची लघवी, वजन. खाली एक ओळ त्या दिवशी काय नवीन सुरू झालं त्याची, अँटिबायोटिक, डाय (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केलेला सीटी स्कॅन, रक्त चढवलं, डायलिसिस. हा तक्ता राऊंडच्या डॉक्टरांसमोर धरला की पाच मिनिटांचं बोलणं एका मिनिटात होतं, मी हे स्वतः बघितलंय, सिनिअर डॉक्टर सुद्धा वही हातात घेऊन बघतात.

लघवीचं गणित सोपं आहे, ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिली म्हणजे दिवसाला साधारण ७०० मिली, त्याखाली गेली तर सिस्टरांना लगेच सांगायचं.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो युरिया आणि बीयूएनचा. काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन), दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे पण युरिया साधारण २.१४ पट मोठा. तालुक्याच्या लॅबने बीयूएन ४५ दिलं आणि शहरातल्या हॉस्पिटलने युरिया ९६ दिला तर एका रात्रीत दुप्पट झालं म्हणून रडारड होते, खरं तर तो तोच आकडा आहे. तक्त्यात एकच काहीतरी ठेवा.

शक्यतो एकाच लॅबचे आकडे एका रांगेत लिहा. क्रिएटिनिन मोजायची जुनी, स्वस्त पद्धत आहे, जॅफे म्हणतात तिला, त्यात कावीळ खूप असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो आणि कीटोन असतील तर खोटा जास्त. पेशंट पिवळा असेल तर "एन्झायमॅटिक पद्धतीने केलंय का" हे विचारायला हरकत नाही.

३. कारणाच्या आधी पोटॅशियम

कारण शोधणं नंतर, आधी जीव. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या आसपास असतं. ६ च्या वर गेलं की डॉक्टर ईसीजी काढतात, ६.५ च्या वर किंवा ईसीजी बदलला असेल तर ती इमर्जन्सी, हृदयाचे ठोके बिघडतात. बायकार्बोनेट खूप खाली म्हणजे रक्तात आम्ल साठतंय. औषधांना दाद न देणारं पोटॅशियम किंवा आम्ल, फुप्फुसात पाणी, युरियामुळे आलेली गुंगी, या कारणांसाठी डायलिसिस सांगितलं तर "आधी कारण सापडू दे मग बघू" असं म्हणत वेळ घालवू नका. डायलिसिस एकदा लागलं म्हणजे जन्मभर लागतं हा समज एकेआयच्या बाबतीत लोकांचा फार घात करतो, बऱ्याच पेशंटना ते काही दिवस किंवा काही आठवडेच लागतं.

पोटॅशियम खोटं सुद्धा वाढतं. रक्त काढताना शिर सापडली नाही, जोरात ओढलं, ट्यूब गाडीवर हिंदकळत गेली तर पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर येतं, रिपोर्टवर "हिमोलाइज्ड सॅम्पल" असं लिहिलेलं असतं ते वाचा, त्यात एलडीएच आणि एसजीओटी पण खोटं चढतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए चुकून दुसऱ्या सॅम्पलमध्ये मिसळलं तर पोटॅशियम खूप जास्त आणि कॅल्शियम खूप कमी, असं विचित्र जोडीने येतं. अशा वेळी लगेच दुसरं सॅम्पल पाठवतात. पण पेशंटची लघवी बंद असेल तर आकडा खराच धरून चालायचं.

४. किडनीच्या आधी, आत, की नंतर

डॉक्टर कारणं तीन भागांत बघतात. एक, किडनीला रक्तच कमी पोचतंय, जुलाब-उलट्या, रक्तस्राव, हृदय कमजोर. दोन, किडनीच्या आतच बिघाड. तीन, पुढचा रस्ता बंद, मुतखडा, प्रोस्टेट, गाठ.

पहिल्यासाठी रक्तातली खूण म्हणजे युरिया क्रिएटिनिनच्या मानाने फार जास्त चढणं. बीयूएन भागिले क्रिएटिनिन २० च्या वर आलं तर रक्तपुरवठा कमी पडल्याचा संशय, युरिया धरला तर साधारण ४० च्या वर. म्हणजे युरिया १५० आणि क्रिएटिनिन २.१ असेल तर बीयूएन झालं ७०, भागाकार ३३, आणि पेशंटला तीन दिवस जुलाब असतील तर गोष्ट जुळते, सलाईनने आकडा एक-दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो. न उतरला तर किडनीच्या नळ्यांना इजा झालीय का ते बघायला लागतं.

पण हा भागाकार फसवा आहे. पोटात रक्तस्राव होत असेल, म्हणजे शी डांबरासारखी काळी, किंवा स्टिरॉइड चालू असतील, तर युरिया तसाच वाढतो. आणि लिव्हर खराब असेल किंवा माणूस बरेच दिवस जेवलाच नसेल तर युरिया वाढायला हवा तेवढा वाढतच नाही. म्हणून डॉक्टर सोबत लघवीतलं सोडियम बघतात, त्यावरून एफई-सोडियम, म्हणजे गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत गेलं ते, काढतात, १ टक्क्याच्या खाली असेल तर किडनी पाणी आणि मीठ धरून ठेवायला धडपडतेय, २ च्या वर असेल तर नळ्यांना इजा. लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड वगैरे, चालू असेल तर सोडियमवर भरवसा नाही, तेव्हा तेच गणित युरियाचं, एफई-युरिया.

तिसऱ्या प्रकारासाठी कुठलीच रक्ताची टेस्ट नाही. रस्ता बंद आहे का ते सोनोग्राफीत दिसतं, आणि साठीपुढच्या पुरुषाची लघवी एकदम बंद झाली तर कॅथेटर घातल्याबरोबर कधी कधी सगळं कोडं सुटतं. रक्ताच्या महागड्या टेस्टांची यादी हातात आली आणि सोनोग्राफी झालेली नसेल तर ती आधी विचारा.

५. साध्या सीबीसी आणि लिव्हरच्या रिपोर्टमधले धागे

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या दोन कागदांवर घालवायला हवा, स्वस्त टेस्ट आहेत, प्रत्येकाच्या होतात.

पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, मुंबईत ताप आणि एकेआय एकत्र आले की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीतून पसरणारा ताप) विचार डॉक्टर आधी करतात. भातलावणीत चिखलात उभं राहणं, गोठा, उंदीर, तुंबलेल्या पाण्यातून चालणं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती ते अनेकांना आठवत असेल. बाबांचं हेच निघालं. लेप्टोचा नमुना ओळखीचा आहे, बिलिरुबिन खूप चढतं, दहा, पंधरा, वीस, पण एसजीओटी-एसजीपीटी मात्र थोडंच वाढतं, साधारण २०० च्या आत, त्यामुळे नेहमीच्या काविळीपासून वेगळं दिसतं, तिथे ते हजारात जातं. प्लेटलेट कमी, डब्ल्यूबीसी बऱ्याचदा जास्त, पोटऱ्या प्रचंड दुखतात आणि सीपीके वाढलेलं. आणि सगळ्यात नवल वाटावं असं म्हणजे क्रिएटिनिन एवढं वाढूनही पोटॅशियम नॉर्मल किंवा चक्क कमी, लघवीही होत असते. एकेआय आणि कमी पोटॅशियम ही जोडी तक्त्यात दिसली तर लेप्टो झालाय का हे नक्की विचारा.

लेप्टोची आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीची, टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, शरीराने अँटिबॉडी बनवायला पाच-सात दिवस तरी लागतात. पहिल्या दिवसांत रक्ताचं पीसीआर, जे थेट जंतू शोधतं, जास्त कामाचं. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून लेप्टो नाही असं धरून बसायचं नाही, डॉक्टर नमुना बघून अँटिबायोटिक आधीच चालू करतात ते बरोबरच असतं, आणि आयजीएम काही दिवसांनी परत करतात.

मलेरियात, विशेषतः फाल्सिपेरम या घातक प्रकारात, हिमोग्लोबिन पडतं, प्लेटलेट पडतात, बिलिरुबिन वाढतं ते मुख्यतः इनडायरेक्ट, कारण तांबड्या पेशी फुटत असतात. स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) एकदा निगेटिव्ह आला तरी ताप चालू असेल तर परत काढतात. डेंग्यूत प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) बघा, ते चढत असेल तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय आणि किडनीला रक्त कमी पडतंय. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप), २०१८ मध्ये नागपूर भागात बरेच पेशंट सापडले होते, त्यात अंगावर कुठेतरी, काखेत, जांघेत, सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग असू शकतो, तो पेशंटला माहीतही नसतो, अंघोळ घालताना घरच्यांनीच बघायचा.

आता जो नमुना पटकन हातातून निसटतो तो. प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन कमी होत चाललंय, एलडीएच खूप जास्त, हॅप्टोग्लोबिन (पेशी फुटल्या की कमी होणारं प्रोटीन) जवळजवळ शून्य, आणि पेरिफेरल स्मिअरमध्ये "शिस्टोसाइट" किंवा "फ्रॅगमेंटेड आरबीसी" असा शेरा. म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतायत आणि तांबड्या पेशी त्यात चिरडल्या जातायत. लहान मुलांत रक्ताचे जुलाब झाल्यावर आठवड्याभरात हे दिसलं तर एचयूएस, मोठ्यांत टीटीपी किंवा ॲटिपिकल एचयूएस, बाळंतपणाच्या आसपासही होऊ शकतं. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) नॉर्मल असेल तर ही शंका वाढते, बिघडलेलं असेल तर सेप्सिसमधल्या (इन्फेक्शन अंगभर भिनल्यावरच्या) डीआयसीकडे, म्हणजे रक्त गोठायची यंत्रणाच बिघडण्याकडे, बोट जातं. टीटीपीसाठी एडॅम्टस-१३ नावाची टेस्ट आहे, १० टक्क्यांच्या खाली आली तर टीटीपी, पण तिचं रक्त प्लाझ्मा चढवायच्या आधी काढायला हवं, नंतर काढलं तर दात्याच्या प्लाझ्मामुळे रिपोर्ट बिघडतो. "प्लाझ्मा आणा" अशी चिठ्ठी हातात पडली की ब्लड बँकेत पळायच्या आधी एकदा विचारून घ्या, सॅम्पल घेतलं का.

जुलाब-तापाशिवाय एकाएकी कोकाकोलासारखी लघवी आणि हिमोग्लोबिन पडलं, आणि नुकतंच मलेरियाचं प्रायमाक्विन दिलं होतं, तर जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता तपासतात. पेशी फुटत असताना ही टेस्ट खोटी नॉर्मल येऊ शकते, काही आठवड्यांनी परत करावी लागते.

६. सीपीके, म्हणजे स्नायूंचा हिशोब

स्नायू तुटले की त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीच्या नळ्यांत जाऊन इजा करतं. कुणाला होतं? दरडीखाली किंवा भिंतीखाली अडकलेले, पडून तासन्‌तास तसेच राहिलेले म्हातारे लोक, लांबलेली फिट, भर उन्हात सवय नसताना पळालेली भरतीची मुलं, जिममध्ये पहिल्याच आठवड्यात अतिरेक केलेले, आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्याचा हल्ला झालेले सुद्धा.

सीपीके नॉर्मलच्या पाचपट, म्हणजे साधारण हजारावर गेलं की स्नायू तुटलेत असं धरतात, किडनीला धोका सहसा पाच हजारांच्या पुढे वाढतो. सोबत एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त, पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढलेलं, युरिक ॲसिड वाढलेलं, कॅल्शियम कमी. लघवीच्या पट्टीवर "ब्लड" पॉझिटिव्ह पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, हे दिसलं तर फारच महत्त्वाचं, कारण पट्टीला रक्त आणि मायोग्लोबिन यातला फरक कळत नाही. बऱ्याच ठिकाणी सीपीके पहिल्या पॅनेलमध्ये नसतं, मागावं लागतं. अंगदुखी, अपघात, जास्त व्यायाम यांतलं काही झालं असेल तर आपणहून सांगा, सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळणार कुठून.

७. साप चावला असेल तर

घोणस आणि फुरसं, दोन्हींचं विष रक्त गोठणं बिघडवतं, आणि घोणस किडनीसाठी फार वाईट. पहिली टेस्ट मशीनशिवायची आहे, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून बघायची, गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ही टेस्ट चालत नाही. नंतर पीटी-आयएनआर, प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन. जखम बरी दिसली आणि रक्त गोठायला लागलं तरी क्रिएटिनिन नंतरच्या दिवसांत चढू शकतं, म्हणून लवकर घरी नेण्याचा हट्ट करू नका. साप मारून किंवा पकडून आणू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी चालतं, आपल्याकडे मिळणारं अँटिव्हेनम चार मुख्य विषारी सापांवर एकत्रच चालतं.

८. औषधं आणि विषारी पदार्थ

हे रक्तात थेट क्वचितच दिसतं, तारखा जुळवून कळतं, आणि इथे तुमची वही कामाला येते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, बीपीची टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल जातीची गोळी आणि लघवीची गोळी, ही तीन एकत्र चालू असताना जुलाब लागले तर किडनी चटकन बसते. डाय दिल्यावर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढतं. अमिकासिन-जेंटामायसिनने साधारण पाच-सात दिवसांनंतर. व्हॅन्कोमायसिन चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी मोजता येते. अँटिबायोटिक, वेदनाशामक किंवा पॅन्टोप्रॅझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळीनंतर किडनीला ॲलर्जीसारखी सूज येते, त्यात सीबीसीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसू शकतात, पण नॉर्मल असले म्हणून ती नाही असं नसतं. भस्मं घेत असाल तर लाजू नका, सांगा, शिसं आणि पारा रक्तात तपासता येतात.

सिरपबद्दल वेगळं सांगते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ पेशंट गेले, त्याची न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधामुळे लघवी बंद होऊन नागपूरला आणली गेली, बरीच दगावली, विष तेच. नेहमीच्या पॅनेलमध्ये हे विष दिसत नाही, खूण असते ती रक्तातल्या आम्लाची. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा, उरतं ते ॲनायन गॅप, साधारण ८ ते १२. किडनी बंद पडली की तो तसाही थोडा वाढतो, पण कारण नसताना फारच मोठा आला तर विषाचा विचार करतात. लहान मुलाची लघवी सर्दी-खोकल्याच्या औषधानंतर कमी झाली तर बाटली, उरलेल्या औषधासकट, बॅच नंबरसकट, डॉक्टरांसमोर ठेवा.

९. ताप नाही, जुलाब नाही, तरी आकडा चढतोय

अशा वेळी, विशेषतः लघवीत रक्त आणि प्रोटीन असेल, बीपी वाढलं असेल, पायांवर पुरळ असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर किडनीच्या गाळण्यांनाच सूज असू शकते. मग सी३, सी४, एएनए, डीएस-डीएनए, एएनसीए, अँटी-जीबीएम ही यादी येते, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते बघायला. घसा किंवा त्वचेच्या इन्फेक्शननंतर सी३ कमी आणि सी४ सहसा नॉर्मल, ल्युपसमध्ये बहुतेक वेळा दोन्ही कमी. एएनसीए किंवा अँटी-जीबीएम पॉझिटिव्ह आलं तर दिवसांवर खेळ असतो, उपचार उशिरा सुरू झाले तर किडनी परत येत नाही. या टेस्ट बाहेरगावच्या लॅबला जातात, रिपोर्टला वेळ लागतो, म्हणून सॅम्पल पहिल्याच दिवशी गेलं पाहिजे. बायोप्सी सांगितली तर तिला घाबरून टाळाटाळ नको, रक्ताच्या टेस्ट संशय घेतात, नक्की सांगते ती बायोप्सी.

पन्नाशी-साठीपुढचा माणूस, कंबर-बरगड्या दुखतायत, हिमोग्लोबिन कमी, कॅल्शियम जास्त, टोटल प्रोटीन जास्त पण अल्ब्युमिन कमी, असं दिसलं तर मायलोमासाठी (अस्थिमज्जेचा कॅन्सर) प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन. कंबरदुखीसाठी असे लोक महिनोन्‌महिने वेदनाशामकं खात असतात आणि सगळा दोष गोळ्यांवर जातो.

१०. नवीन, महाग मार्कर

एनगॅल किडनीला इजा झाल्यावर काही तासांतच वाढतं, क्रिएटिनिनच्या आधी. सिस्टॅटिन सी स्नायूंवर अवलंबून नसतं म्हणून बारीक माणसात उपयोगी, पण स्टिरॉइड आणि थायरॉइडने तेही हलतं. प्रोकॅल्सिटोनिन बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनची खूण, मात्र किडनी बंद असताना ते इन्फेक्शन नसतानाही थोडं वाढलेलं राहतं. एनगॅल सुद्धा सेप्सिसमध्ये एरवीच चढतं. हे मार्कर इजा झालीय का, किती लवकर कळतंय, यासाठी चांगले, पण लेप्टो की मलेरिया की गोळ्या हे यातलं कुणी सांगत नाही. पैसे मोजके असतील तर स्मिअर, सीपीके, एलडीएच, सोनोग्राफी आणि लघवीची साधी तपासणी यांवर आधी खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

११. घरी आल्यावर

क्रिएटिनिन उतरताना सुरुवातीला लघवी खूप होते, दिवसाला तीन-चार लिटर सुद्धा, तेव्हा पोटॅशियम आणि सोडियम खाली जातं, त्यामुळे डिस्चार्जनंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त द्यायचंच. मग तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी, हे तिन्ही नॉर्मल आले तरच किडनी पूर्ण सावरली म्हणायचं. त्या तीन महिन्यांनंतरचा आकडा तारखेसकट फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, खाली कारण लिहा, "लेप्टो, जुलै" असं, आणि पुढे कुणीही वेदनाशामक लिहून देताना किंवा डायचा स्कॅन सांगताना ते पान आधी समोर ठेवा.